पाटी कोरण्याआधी

ती. बाबांना,
धाकटीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा खोकला थांबला का?

चीनने शेजाऱ्यांशी सीमेचे तंटे बोलणी करून कसे मिटवले, यावरचा प्रबंध मी ज्या जुन्या कागदांवरून लिहिणार होते, ते ठेवलेलं इथलं चिनी सरकारी दफ्तर संशोधकांना बंद झालंय. तरी रोज जाते. दारावरच्या बाई खुर्ची पुसून देतात. "बस गं, पण कागद काही मिळायचे नाहीत," म्हणतात. माझे मार्गदर्शक सर म्हणतात, विषय सोड. पण मला तेवढंच तर शिकायचं होतं.

शेजारच्या काकांना सांगा, आपलं चीनशी युद्ध होईल का ते मलाही ठाऊक नाही.

ताई म्हणाली, तुम्ही दारासाठी माझ्या नावाची लाकडी पाटी रंधायला घेतलीत. बाबा, नुसतं नाव कोरा. नावाआधी ‘डॉक्टर’ नको.

तुमचीच,
धाकटी