उभी खाट

२४ ऑगस्ट
आज नातीनं मले चिनी शिकवलं. चौथी पास बाईले. स्नेहल सुट्टीची आली तेव्हापासून मी मागं लागली होती, का बाप्पा, तू तिकडं चीनमध्ये डॉक्टरी कोणत्या अक्षरात शिकते ते दाखव तं खरी. दुपारी शेंगा निवडता निवडता दाखवलं. म्हणे आजी, अक्षर नोको समजू, चित्र समज. आजाराची जेवढी चित्रं तेवढ्याईत एक भाग सारखा. वर ठिपका, आडवी रेघ, डाव्या अंगाले एक लांब ओढलेली, अन् तिच्या बाहेरून दोन लहान फटकारे. हे झालं आजाराचं घर. मंग याच्या पोटात जे बसवशील तो आजार.
पोटात मेंढी बसवली तं खाज. वाघ बसवला तं हिवताप. वारा बसवला तं वेड. डोंगर बसवला तं हर्निया. मी म्हटलं, तुझ्या आजोबाले झाला होता, तसाच दिसे. अन् देऊळ बसवलं तं मूळव्याध. देवळाचं ऐकून मी एवढी हसली का सुपातल्या शेंगा सांडल्या. सून किचनमधून म्हणे, "आई, देवाले तं सोडा."
काही अक्षरं आता कोणीच लिहीत नाही म्हणे, जाड जाड कोशात पडून आहेत. पोटात आग, म्हणजे अंगात भडकलेला ताप. आमच्या भिलाईत, लोखंडाच्या भट्ट्यायपाशी, हे अक्षर चाललं असतं. अन् पोटात उंदीर, म्हणजे लपवलेल्या काळजीचा आजार, आतून कुरतडते तो. मी म्हटलं, हा तं घरोघरी आहे, याचं अक्षर कावून सोडलं त्यायनं? स्नेहल म्हणे, "लपवणारे लोक लिहीत नसतील न आजी."
बरं होण्याचं अक्षरही याच घरात आहे म्हणे, ते मंग दाखवीन. मेंढी चांगली जमली मले. वाघ नाही जमत.

२५ ऑगस्ट
आज हट्ट केला का या घराचं जुनं रूप दाखव. हजारो वर्षांमागं हाडावर कोरत होते म्हणे. मोबाइलवर मोठं करून दाखवलं. पाहून मोबाइल खाली ठेवून दिला मी.
घर नाहीच ते. खाट आहे. खाटीवर माणूस, अंगातून घामाचे थेंब. तेवढं ठीक. पण खाट उभी आहे. पाय भिंतीकडं असावे तशी. अन् माणूस अजून तिच्यावरच.
मी म्हटलं, पोट्टे, हे वाईट आहे. खाट केव्हा उभी करतात माहीत आहे न? माणसाले उचलून नेलं का मंग. हसली. म्हणे, हाडासोबत बांबूच्या चिपेवरही लिहीत, चीप अरुंद, आडवी वस्तू मावत नाही म्हणून उभी केली. हत्तीही उभा, डुक्करही उभं. हत्ती खरंच शेपटीवर उभा आहे, मी पाह्यला. बिचारा.
समजलं सगळं. तरी सुनेनं ढेकणासाठी आंगणात खाट उभी केली होती, ते जाऊन आडवी करून आली. वंदना म्हणे, "आई, ऊन कसं लागल मंग?" म्हटलं, पलटवून दे.

२९ ऑगस्ट
गेली. रायपूरले विमानापर्यंत माझा पोरगा दिलीप अन् वंदना गेले. मी फाटकापर्यंत. एवढ्या उकाड्यात गळ्याले ओढणी गुंडाळून होती. म्हटलं, काढ न ते. म्हणे फॅशन आहे. पाया पडली तेव्हा मानेले हात लावला मी, तं झटक्यात मागं झाली. गुदगुल्या होतात म्हणे. कधी होत नव्हत्या.
लाडू अर्धेच नेले.

६ सप्टें.
रविवार नाही तरी फोन. चेहरा दिसते तसा, व्हिडिओवाला. पांढरा दिसला, पण तिकडचा लाइटच तसा. जेवली का, पाऊस आहे का, हेच ते. मंग ती हलली अन् मागची भिंत दिसली. भिंतीवर पाटी. पाटीवर खाट.
मी ओळखली. फोनवर एवढीशी, तरी ओळखली. वंदना म्हणे काय पाहून राहिल्या आई? मी चष्मा पुसाले घेतला.
नंतर एकटीनं इचारलं, स्ने., तुझ्या मागं खाटीचं अक्षर कावून आहे? पहिले फोन दुसरीकडं फिरवला तिनं. मंग म्हणे, "अवो आजी, दवाखान्यात ड्यूटी आहे. इथं तं बाथरूमच्या दारावरही तुझी खाट आहे. टेन्शन मत ले न."
हाव. दवाखान्यात असणारच. पण पाटी उशीच्या वर होती. ड्यूटीवर कोणी उशीले टेकून बसते का.

७ सप्टें.
पोटात काय होतं आठवून पाह्यलं. आडवी रेघ, खाली उघडं दार, दारात काहीतरी. मेंढी नव्हती हे नक्की. पाच-सहा वेळा काढलं, दर वेळा वेगळंच निघालं. दिलीप शिफ्टवरून आला, पाहे मले. "आई, काय गिचमिड करतेस?" म्हटलं, रांगोळीचं आहे.

९ सप्टें.
सांगतलं तिनं. दिलीप शिफ्टवर, वंदना सुपेल्याले बाजारात, मी मुद्दाम तेव्हाच फोन लावला. म्हटलं, मोबाइल खाली कर, मान दाखव. नाही म्हणे. म्हटलं, तं मी आता दिलीपले प्लांटमध्ये फोन करते. मंग केला खाली. पट्टी आहे. केवढी मोठी.
गाठी आहेत. इथं होती तेव्हाच होत्या, ओढणीखाली. संध्याकाळी ताप येते. डॉक्टरनं तुकडा काढून तपासाले पाठवला, दुसऱ्या मोठ्या शहरात, वेळ लागेल. मी इचारलं, कोणता आजार? म्हणे दोनपैकी एक. टीबी असंल तं गोळ्या घ्यायच्या, होते बरी. "और दूसरा?" मीच हिंदीत इचारलं, काय माहीत कावून. दुसरा कॅन्सर.
म्हटलं, त्याचं अक्षर दाखव. नोको आजी. दाखव. हातावर पेनानं काढलं. तीच खाट, पोटात तीन तोंडं, तोंडायखाली डोंगर. तीन चौकोन म्हणजे तीन तोंडं. मी म्हटलं, कोणाचे तोंडं आहेत ते, काय मागून राहिले? "मालूम नहीं आजी."
बाबाले नोको सांगू म्हणते. बाबा घाबरले का परत बोलावतील, शिक्षण बुडेल, दोन वर्षं राह्यली. रिपोर्ट येऊ दे, मीच सांगीन. शपथ घातली, तिची स्वतःची. स्वतःची घालाले नव्हती पाहिजे.

१० सप्टें.
आज जिंदगीत पहिल्यांदा देवापाशी टीबी मागितली. नीट हात जोडून मागितली. पाहिजे तं मले पण दे, तिले टीबीच दे, दुसरं नोको. वंदना मागं उभी होती, कधीपासून माहीत नाही. ओठ हलत होते माझे, आवाज नव्हता, देवाची कृपा.
माझ्या बहिणीच्या वेळेस टीबीचं नाव कोणी घेत नव्हतं, ताट वेगळं करत. अन् आता मी...
जेवण जात नाही. भात गायीले टाकला.

११ सप्टें.
उतई गावची भाजीवाली आली. रोज माझं तोंड चालू, आज नाही. "का होगे दाई, कुछु बोलत नइ अस?" म्हटलं, दात दुखते. तिनं लवंग दिली, फुकट. दारात बसून लवंग चघळली अन् रडली. दात पुरे पडून गेले माझे, तिले तं माहीत आहे. बिचारीनं वांगी वजनापेक्षा जास्त घातली.
फोन नाही आज.

१२ सप्टें.
झालं. मी सांगतलं नाही, हातानं सांगतलं.
सका. सडा टाकून रांगोळी काढाले बसली. ठिपके घातले, रेघा ओढल्या, ध्यान नव्हतं. वंदना दूध घेऊन आली, उंबऱ्यातच थांबली. "आई, हे काय काढता दारात?" पाह्यलं तं तीन चौकोन, खाली डोंगर, बाजूनं खाट. माझ्याच हातानं, आमच्याच दारात. फडक्यानं पुसाले लागली तं रेघा आणखी पसरल्या. वंदना खाली बसली माझ्यापाशी, दुधाची पिशवी मांडीवर. "स्नेहलचं काही आहे न आई? मले सांगा. मी पण आई आहे तिची."
शपथ मोडली. काय करू.
पूर्ण ऐकलं तिनं. मंग म्हणे, "गाठ मी पाह्यली होती. केस विंचरताना. मले म्हणे मच्छर चावला, मी मानलं." दूध गरम करून राहिली होती, उतू गेलं, दोघी पाहत राह्यलो.

त्याच दिवशी संध्याकाळी
दिलीप आला, हेल्मेट हातातच. वंदनानं सांगतलं. माझ्याकडं पाह्यलं त्यानं. "आई, तुले नऊ तारखेपासून माहीत आहे?" हाव. "अन् तू माझ्यासमोर बसून जेवत होती?" जेवत नव्हती रे, पण ते म्हटलं नाही. गाडी काढून चालला गेला कुठं तरी. एका तासानं आला, डोळे लाल. म्हणे, मी जातो तिकडं.

१३ सप्टें.
स्नेहल माझ्याशी बोलत नाही. बापाशी बोलली, आईशी बोलली. वंदनानं फोन माझ्याकडं केला तं म्हणे, "आजीले सांगतलं तेच चुकलं," अन् कट. मी ऐकलं. स्पीकर चालू होता.
शपथ तिची होती. मोडली ती मी. काही झालं पोरीले तं...
लिहीत नाही पुढं.

१६ सप्टें.
दिलीपनं पासपोर्ट काढला आलमारीतून, स्नेहलले पहिल्या वेळी पोचवाले जाणार म्हणून बनवला होता, तेव्हा सुट्टी भेटली नाही. व्हिसासाठी एजंटापाशी गेला. पित्तरं सुरू आहेत, या दिवसायत दूरच्या वाटेले लागू नये. वंदना माझ्याकडं पाहे, मी कॅलेंडरकडं पाहे.
रिपोर्ट नाही अजून. संध्याकाळी ताप आहेच.

१९ सप्टें.
व्हिसा झाला. परवा निघतो. आता मले दुसरीच भीती. हा माणूस सुपेला चौकात नवीन दुकान शोधताना चार जणायले इचारते. तिकडं कोणाले इचारन? विमानातून उतरला, पाट्या सगळ्या तशा, पोट्टी कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर.
म्हटलं, दिलू, बस इथं. एक अक्षर शिक. "आई, मोबाइलमध्ये सब होता है." म्हटलं, मोबाइल बंद पडला तं? बसला. पाटीवर खडूनं काढून दाखवलं, ठिपका, आडवी, लांब ओढलेली, बाहेरून दोन फटकारे. म्हटलं, हे दोन फटकारे म्हणजे खाटीचे पाय. ज्या दारावर ही खाट दिसंल तिकडं आजारी माणसं. आतमध्ये काय आहे ते नोको पाहू, खाट पाह्य. त्यानं काढलं तं पाय उजवीकडं काढले. "अरे उलटी झाली खाट." पुन्हा काढली. प्लांटमध्ये एवढं मोठं लोखंड हलवते, अन् दोन फटकाऱ्यायले घाम आला त्याले. वंदना चहा घेऊन उभी, म्हणे मले पण शिकवा. तिघं बसून काढत राह्यलो. आठवड्यात पहिल्यांदा घरात कोणी हसलं. वंदनाची खाट तिपाई झाली होती.
मंग ती आत गेली. नळ चालू केला, बराच वेळ चालू होता.

२१ सप्टें.
दिलीप गेला. पाया पडला. मी म्हटलं, तिले सांग, आजी... वाक्य पुरं नाही झालं. "सांगतो," म्हणे. काय सांगन काय माहीत.

२३ सप्टें.
पोचला. तीन विमानं बदलली. स्नेहल भेटली. बोलला, वाळली आहे, पण बसते, खाते. बापाले पाहून ओरडली म्हणे, कावून आले, अन् मंग हात सोडून नाही राहिली. खाटीचं अक्षर कामी आलं का इचारलं. म्हणे आलं, पण आई, तिथं तं सगळ्याच दारायवर खाट आहे. पहिले चुकून हाडवाल्यायकडं शिरला.
रिपोर्ट उद्या संध्याकाळी सांगणार.

२४ सप्टें.
सका.पासून फोन पदराशी बांधून आहे. वंदना दोनदा पोळपाट शोधून गेली, समोरच होतं.
दुपा. दिलीपचा फोटो आला. स्नेहलच्या पलंगासमोर भिंतीवर लाल कापड आहे, त्यावर पिवळी अक्षरं. खाली लिहिलं, "आई, पोट्टी झोपली आहे, उठवत नाही. मोबाइलवालं भाषांतर इथं चालून नाही राहिलं. हे पाहून मले कसंतरी होते. तुले समजते का?"
मोठं करून पाह्यलं. चष्मा पुसून पाह्यलं. शेवटच्या दोन-तीन अक्षरायत एक आहे, खाट आहे त्यात. पोटात वर छप्पर, छपराखाली तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. तीन तोंडं नाहीत. पुन्हा पाह्यलं, नाहीत. बरं होण्याचं अक्षर दाखवाचं राह्यलं होतं, हे तेच का दुसरं काही, ते मले शिकवलं नाही तिनं. सगळंच कुठं शिकवलं, पाच दिवसांची तं सुट्टी उरली होती.
स्नेहलले इचारलं असतं. बोलत असती तं.
वंदना बाजूले येऊन बसली. "काय लिहिलं आहे आई?" म्हटलं, वाचून राहिली. दिलीपलेही तेच लिहून पाठवलं. थांब, वाचून राहिली.
संध्याकाळ व्हाले अजून वेळ आहे. तिथं तं झाली असंल.