दाव्याला वारस नको

मी, वय शेहेचाळीस, पुस्तकबांधणीच्या कारखान्यात कागद कापणारी, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. तापात कान गेल्यापासून मला ऐकू येत नाही. शुद्धीसाठी कान लागत नाहीत.

माझे यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात भाचीला घर देताना अट घातली होती, की मी मेले तर माझा दावा तिने शेवटपर्यंत लढवावा. तिने वाचून फक्त "बरं, मावशी" म्हटले. त्या 'बरं'ने माझी झोप उडाली होती.

आता निकाल लागला आहे. पाते खाली येण्याची घंटा ऐकू येत नाही म्हणून मला यंत्रावरून काढून झाडलोटीला लावले होते. अपंगत्वावरून असा भेदभाव कायद्याला मंजूर नाही, असा निकाल देऊन न्यायालयाने मला माझी जागा परत मिळवून दिली. घंटेच्या जोडीला लाल दिवा बसवला. मग उघड झाले की त्या गोंगाटात घंटा कुणालाच धड ऐकू येत नव्हती. आता सगळे दिव्याकडेच बघतात.

१. घर आणि बचत भाचीला, बिनशर्त. विकले तरी माझी हरकत नाही. स्वयंपाकघरातला गळका नळ मात्र दुरुस्त करावा. (हे वाचून ती म्हणाली, "अगं, त्यासाठी तू मरायची वाट कशाला बघू?" आणि पाना घेऊन उठली. कलमाचा हा भाग खोडला.)

२. घडी दाबण्याची माझी हाडाची पट्टी, यंत्रावर माझ्यानंतर जो कोणी येईल त्याला. त्याला कमी ऐकू येत असेल तर दिवा आहेच.

३. राग. तो भाचीकडे जाऊ नये, म्हणून येथेच निकाली काढते. "बाईंचा हात गेला तर जबाबदार कोण?" अशी साक्ष मुकादमांनी माझ्याविरुद्ध दिली होती. ते खरेच घाबरले होते की मालकांनी पढवले होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही. हल्ली ते माझ्याशी समोर तोंड करून सावकाश बोलतात. काल म्हणाले, "ताई, या कागदावर साक्षीदार म्हणून मी चालेन का?"

"या वेळी माझ्या बाजूने असाल तर."

ते मान खाली घालून हसले. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणून मुकादमांना माफी या कागदातून देत नाही. ती आज चहा देताना दिली.

सही: मावशी
साक्षीदार: १. मुकादम २. शेजारच्या शिक्षिका
ठिकाण: माझे स्वयंपाकघर, नळ आता गळत नाही
दिनांक: निकालानंतरचा पहिला रविवार