घर रश्मीला, भुऱ्यासह

मी, बकाराम पुनाराम वलथरे, वय ७१ वर्षे, धंदा मासेमारी, राहणार इटियाडोह धरणाजवळ, तालुका अर्जुनी मोरगाव, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. डॉक्टरचा दाखला मुद्दाम जोडला आहे, कारण माझा मुलगा देवानंद ‘म्हातारा चळला होता’ म्हणेल हे मला ठाऊक आहे.

१. दीड एकर धानाची जमीन, डोंगा आणि जाळी देवानंदला. जाळी तो विकेल. विको, मला बघावे लागणार नाही.

२. माझ्या कमाईने बांधलेले राहते घर, मागचे कुंपणाचे आवार आणि पोस्टातली बचत मुलगी रश्मी हिला. अट एकच, भुऱ्याला सांभाळावे. भुऱ्या म्हणजे अठ्ठावीस किलोचे आफ्रिकेचे कासव. २०१४ साली देवानंदने शहरातल्या एका दुकानातून अशी दोन पिल्ले आणली. कासव घरात असले की बरकत येते आणि ते वाटीएवढेच राहते, असे दुकानदाराने सांगितले. पावती दिली नाही. बरकत आली नाही, कासवे मात्र वाढत गेली. त्यांनी अंगण पोखरायला घेतले तेव्हा देवानंद बिऱ्हाड घेऊन साकोलीला गेला. दोघांना वाढवले ते माझी बायको रुख्मा हिने. दुसऱ्याचे नाव सोनू.

३. हे कलम लिहायला जड जाते, पण लिहितोच. आम्ही ढिवर. जाळ्यात कासव आले तर हळद-कुंकू लावून त्याला पाण्यात सोडायचे, हा आमच्या घरचा रिवाज. गेल्या वर्षी रुख्मा वारली. तिच्या तेरवीला, तिला पुण्य लाभावे म्हणून, मी सोनूच्या पाठीला हळद-कुंकू लावले, डोंग्यातून गावच्या बोडीच्या, म्हणजे लहान तलावाच्या, मधोमध नेले आणि सोडले. तो सरळ तळाला गेला. लोक म्हणाले, आपल्या घरी गेला. मग पंगत बसली आणि मी पोटभर जेवलो, ते अजून टोचते. दुसऱ्या दिवशी तो फुगून वर आला. हे कोरड्या जमिनीचे कासव, त्याला पोहता येत नाही. पन्नास वर्षे पाण्यावर पोट भरले आणि एवढे मला कळले नाही.

४. कायद्याच्या यादीतला परदेशी प्राणी पाळायचा तर सरकारकडे नोंद लागते. ती रश्मीने २०२४ साली दोघांचीही केली होती. म्हणून सोनूच्या मरणाचीही खबर द्यावी लागली. वनविभागाच्या साहेबांनी विचारले, “कसा मेला जी?” मी म्हणालो, “म्या मारला.” ते म्हणाले, “काका, मी ‘पाण्यात बुडून मेला’ असं लिहितो.” त्यांनी दया केली. मला ती नको होती.

५. माझ्या मागे भुऱ्या रश्मीच्या ताब्यात गेल्याची नोंद मुदतीत करावी. कागद लोखंडी पेटीत आहेत. गवत आणि शेवग्याचा पाला द्यावा, भात नाही. पावसाळ्यात धानाच्या तणशीवर कोरडा ठेवावा. त्याला विकू नये, जंगलात किंवा पाण्यात सोडू नये. रश्मीला झेपले नाही तर लाज न बाळगता वनविभागाला लेखी कळवून रीतसर सुपूर्द करावे. तो आणखी पन्नास-साठ वर्षे जगेल, तेव्हा रश्मीनेही आपल्या मागे कोण, ते वेळेत लिहून ठेवावे.

६. मागच्या महिन्यात देवानंद म्हणाला, “बाबा, नागरा गावच्या देवळाजवळच्या तलावात सोडून देऊ न. एका कासवासाठी कायले एवढा कागद करून राहिले?” बेटा, तुझ्यासाठीच करून राहिलो. तू दुष्ट नाहीस, मीही नव्हतो. भुऱ्याला पाण्यात सोडलेस तर जमिनीवरचा तुझा हक्क संपला आणि तीही रश्मीची.

७. माझ्या तेरवीला कोणताही जीव सोडू नये. मला पुण्य कमी पडले तर पडू द्या.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

बकाराम पुनाराम वलथरे (सही)

साक्षीदार:
१. छोटेलाल बिसराम मेश्राम (सही)
२. नंदाबाई नंदलाल शेंडे (डाव्या हाताचा अंगठा)

स्थळ: अर्जुनी मोरगाव
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५