टाकीतलं तळणीचं तेल

दिंडोरी. मंगळवार, संध्याकाळ

जेवण गेलं नाही. एक साधं वाक्य बोलायला माझी जीभ का रेटली नाही?

शेजारच्या अण्णांचा चेनसॉ मी महिन्यापूर्वी आणला होता, बांधावरची वाळलेली बाभूळ कापायला. चेनला लागणारं ऑइल मधेच संपलं. गावात जायचा कंटाळा. घरात मुलीच्या साखरपुड्यातलं तळणीचं तेल डबाभर उरलं होतं, तेच टाकीत ओतलं. मशीन छान चाललं, फक्त बांधभर भज्यांचा वास सुटला. मला हसूही आलं. मग टाकी रिकामी न करता मशीन तसंच परत दिलं. तेवढं तरी करायचं होतं.

आज अण्णांनी हाक मारली म्हणून गेलो. तेल आत डिंकासारखं चिकटून बसलंय, चेन जागची हलत नाही. अण्णा त्यांच्या सालगड्यावर, किसनभाऊंवर चिडलेले. माझ्या वडिलांच्या वयाच्या माणसावर. "काय ओतलंस यात? अक्कल हाय का नाय?"

मी शेजारीच उभा.

किसनभाऊंनी टाकीचं झाकण उघडून वास घेतला. साखरपुड्याला भज्यांच्या कढईवर दिवसभर तेच बसले होते. माझ्याकडे बघितलं. झाकण परत लावलं आणि म्हणाले, "माझ्याच हातनं चुकलं आसंल, अण्णा. धुतो."

मग डिझेल घेऊन चेन फिरते ती पट्टी घासत बसले. मी त्यांना चिंधी आणून दिली. फक्त चिंधी.