वाघाचे रुपये आणि विहिरीचा तुकडा

मी, अनुसयाबाई गुलाबसिंग राठोड, वय त्रेसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार हिंगोली, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहिते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. रागही शाबूत आहे. त्याला दाखला लागत नाही.

१. हिंगोलीचे घर, बँकेतील ठेव, पुस्तके आणि शिलाई मशीन मुलगी दिपा हिला. मशीन माझ्या भावजयीला उसने देऊ नये.

२. याडीची, म्हणजे माझ्या आईची, ओढणी दिपाला. तिच्या काठाला चांदीचे रुपये होते, इंग्रज राजाचे तोंड बाहेर ठेवून शिवलेले. तांड्यात असेच शिवतात; मागची बाजू कोणी पाहत नाही. याडी वारल्यावर ओढणी वर्षभर भाऊ नेमसिंगकडे होती. मग त्याने आणून दिली. "घे बाई, बराबर हाय का बघ." मी राजे पाहिले.

दिपाच्या लग्नाआधी कळमनुरीच्या सोनाराने रुपये उजळण्यासाठी टाके उसवले. मागे वाघ. "चांदी बंद झाल्यावरचा रुपया हाय हा, निकेलचा," तो म्हणाला, आणि लोहचुंबकाला चिकटवून दाखवला. चांदी चिकटत नाही. रुपयावर साल १९४७. याडीची ओढणी तिच्या लग्नातली. मी जन्मले १९४१ ला.

नेमसिंगला विचारले. "राजा त्योच हाय ना? चांदी सरकारनं बंद केली, मला काहून बोलून राहिली?" नंतर नसाबीत, म्हणजे तांड्याच्या पंचांपुढे, त्याने सांगितले की रुपये मीच बदलले. तांड्याचे प्रमुख थावरा नाईक म्हणाले, "शिकलेल्या बाईलाच असलं सुचतं." सगळे हसले. मी चोर ठरले. नेमसिंगच्या बायकोच्या पायात चांदीचे नवे वाळे होते. ती पाय झाकून बसली होती.

३. थावरा नाईक यांना माझ्याकडची गेंड्याच्या चित्राची चाराण्याची नाणी, पिशवीसकट. कारण सांगू नये. आरसा त्यांच्या घरी आहे.

४. गोरेगावजवळचा, बापाकडून मला आलेला जमिनीचा तुकडा, विहिरीसह. नेमसिंगचा हळदीचा मळा याच विहिरीवर आहे. माझ्या तेराव्याच्या आत त्याने नसाबीत उभे राहून, रुपये आपण बदलले, हे स्वतःच्या तोंडाने सांगितले तर तुकडा त्याचा. न सांगितल्यास दिपाचा, आणि तिने त्याची मोटार विहिरीवरून काढावी. दिपा म्हणते, "आई, जाऊ दे ना, मामाच हाय." मामा आहे म्हणूनच.

पाणी हवे तर तोंड उघडावे. तोंड मिटले तर मळा वाळावा. दोन्हीत त्याला सुख मिळणार नाही, याची मी काळजी घेतली आहे.

साक्षीदार: रत्नपाल ग्यानोबा खिल्लारे, शेजारी (सही). बेबीबाई पवार, निवृत्त परिचारिका (सही).
दोघांनी वाचून सही केली. रत्नपाल यांनी शेवटचे वाक्य नरम करायला सुचवले. केले नाही.

अनुसयाबाई गुलाबसिंग राठोड (सही)
हिंगोली, ९ मार्च २००४