चौथ्यांदा बटण दाबल्यास

२ फेब्रुवारी, सोमवार
फ्रेमवर्कचं नवं व्हर्जन आलं. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा, आमची अख्खी सर्व्हिस त्यावर उभी आहे. (हे रोजनिशीला सांगायची गरज नाही. उद्या साहेबांना सांगायचं आहे, म्हणून सराव.) सर्व्हिस अशी: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गळ्यात एक बटण. दाबलं की त्यातूनच आमच्या कॉल सेंटरवरचा माणूस बोलतो. काही बरंवाईट असेल तर घरच्यांना फोन, ॲम्ब्युलन्स वगैरे.
संकल्प: नव्या व्हर्जनच्या रिलीज नोट्स (काय काय बदललं त्याची यादी) अथपासून इतिपर्यंत वाचणे. रविवारी बाबांकडे जाऊन बाथरूमचा गेलेला बल्ब बदलणे.

३ फेब्रुवारी
मीटिंग गाजवली. नव्या व्हर्जनमध्ये थ्रॉटलिंग नावाची सोय आहे. कोणी उठसूट बटण दाबत असेल तर त्याला काही काळ रोखून धरायचं. खऱ्या गरजूंची लाइन मोकळी. साहेबांनी विचारलं, उठसूट दाबतं तरी कोण? मी पुढची स्लाइड लावली. पहिला नंबर आमच्या बाबांचा. चष्मा सापडत नाही, दाब बटण. पंखा कुरकुरतो, दाब बटण. आई गेल्यापासून हे एक खेळणं मिळालंय त्यांना. कॉल सेंटरवरच्या मुली माझ्याकडे बघून हसतात.
आमचं काम तपासणाऱ्या टेस्टरबाईंनी नाट लावलाच. म्हणाल्या, पुन्हा पुन्हा दाबणारा माणूस छळतोय की पडलाय, हे मशीनला कसं कळणार? मी म्हणालो, अनुभवाने. कोणाच्या अनुभवाने ते त्यांनी विचारलं नाही, हे बरं झालं.

५ फेब्रुवारी
ठरलं. दिवसातून तीनदा माणूस बोलेल. चौथ्यांदा बटण दाबल्यास रेकॉर्डिंग. तीनच का? सेटिंगमध्ये आधीपासून तेच होतं, आपण कशाला हात लावा!
रेकॉर्डिंगसाठी वेळेवर कोणी मिळेना, मीच बोललो. "तुमचा निरोप मिळाला आहे. मदत निघाली आहे. कृपया थांबा." आवाजात दिलासा आहे, हे मला पहिल्यांदाच जाणवलं. मदत निघालेलीच नसते, मग हे खोटं नाही का, असं टेस्टरबाईंचं म्हणणं. मी म्हणालो, म्हाताऱ्या माणसाला धीर द्यायचा असतो.
रिलीज नोट्स उघडल्या. फार पानं आहेत. निवांत वाचू.

८ फेब्रुवारी, रविवार
अपग्रेड केलं. एकही एरर नाही. या गडबडीत बाबांकडे जायचं राहिलं. फोनवर सांगितलं, बल्ब पुढच्या रविवारी, तोवर स्टुलावर चढायचं नाही. बरं म्हणाले. अंधारात आंघोळ करताना भीती वाटते, असंही काहीतरी म्हणाले.

१२ फेब्रुवारी
कॉलचा हिशोब दाखवणारा डॅशबोर्ड हिरवागार. बाबांचे कॉल: शून्य. चार दिवसांत उठसूट हाका मारायची सवय सुटली! इतकी वर्षं आईला जे जमलं नाही, ते एका सेटिंगने केलं.
परगावच्या ताईला अभिमानाने कळवलं. ती म्हणाली, बाबा गप्प बसणाऱ्यातले नाहीत, जाऊन बघ. मी बायकोला म्हणालो, तुझी नणंद उंटावरून शेळ्या हाकते. बायको म्हणाली, मग तुम्ही चालत जा.

१५ फेब्रुवारी, रविवार
जाणं झालं नाही. सर्व्हरवर लक्ष ठेवायचं होतं. (दुपारी झोपलो, पण लॅपटॉप उशाशी होता.)
बाबांना फोन केला. स्वारी खुशीत. म्हणाले, एवढ्या कामातून रोज माझ्याशी बोलतोस, बरं वाटतं रे. मी तर आठवडाभर फोनच केला नव्हता. वय झालं. आता डॉक्टरांना दाखवायला हवं. पुढच्या रविवारी, बल्बच्या वेळीच.

१८ फेब्रुवारी
टेस्टरबाई रिलीज नोट्स छापून घेऊन आल्या. नव्या व्हर्जनमध्ये म्हणे, रोखलेल्या माणसाने पुन्हा बटण दाबलं की रोखायचे चोवीस तास परत पहिल्यापासून सुरू होतात. म्हणजे जो रोज दाबतो तो कधीच सुटत नाही. शिवाय रोखलेले कॉल डॅशबोर्डवर दिसतच नाहीत. मी विचारलं, कोणाची तक्रार आली का? त्या म्हणाल्या, तक्रार करायलाही बटणच दाबावं लागतं.
राईचा पर्वत करायची सवय असते एकेकाला. परवा बड्या गिऱ्हाइकासमोर डेमो आहे, तोवर सेटिंगला कोणी बोट लावायचं नाही, असा साहेबांचा हुकूम. साहेबांना तसा सल्ला मीच दिला होता. सोमवारी बघू.
घरी येताना उगाचच बाबांना फोन लावला. त्यांनी उचलला आणि जीव भांड्यात पडला. टांगणीला कशाला लागला होता, कोण जाणे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
डेमो झकास! आलेला प्रत्येक कॉल वेळेत उचलला, असा आलेख दाखवला. गिऱ्हाईक खूश. साहेबांनी पाठ थोपटली. डेमोसाठी मोबाईल बंद ठेवला होता. आता चालू करतो.

नंतर
ताईचे फोनच फोन. बाबा पडले.

२१ फेब्रुवारी
हॉस्पिटल. बल्ब बदलायला स्टुलावर चढले होते. खुब्याचं हाड मोडलं. दुपारभर बाथरूमच्या फरशीवर. शेजारीण भिंतीपलीकडे घरातच होती. नळ बंद का होत नाही म्हणून संध्याकाळी तिने दार उघडवलं. एक हाक मारली असती तर लगेच धावले असते, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते आहे.
ताई आली. दोष फ्रेमवर्कचा आहे, हे तिला समजावायला गेलो. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
बाबा थोडं बोलले. हाक का मारली नाही, असं विचारलं. म्हणाले, तू होतास की! बटण दाबलं की तू बोलायचास. मदत निघाली आहे म्हणालास, मग त्या बिचाऱ्या शेजारणीची दुपारची झोप कशाला मोडायची? मधे फार दुखायला लागलं तेव्हा वाटलं, ओरडावं. पण तू परत थांबा म्हणालास. म्हणून थांबलो.
ते रेकॉर्डिंग होतं, हे सांगायला तोंड उघडलं. सांगितलं नाही, त्यांची चादर सारखी केली. लाज वाटली. इतकी, की ताईने मला बाहेर नेऊन पाणी दिलं.
परत आत गेलो तर बाबा म्हणाले, इथे बसून काय करतोस, ऑफिसला जा. माझ्यासारखं आणखी कोणाकोणाला थांबायला सांगितलं असशील. ते वाट बघत असतील.
टेस्टरबाई सकाळपासून रोखलेल्या एकेका माणसाच्या घरी फोन लावत आहेत. दोन घरी अजून कोणी उचलत नाही.