चाकांवरची बाकं

दि. ४ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

आपल्या जुन्या चर्चचं गळकं छप्पर उतरलं, भिंतींना चुना लागला. सकाळी दवाखाना, दुपारी म्हाताऱ्यांचं जेवण, संध्याकाळी अभ्यासिका आणि रविवारी प्रार्थना, सगळं एकाच छताखाली! हे माझ्या लेकाचं डोकं, असं आई निम्म्या गावाला सांगून मोकळी झालीय. लेकीचं नाव कशातच नसतं, पण ते जाऊ दे.

माझी बातमी ऐक. समितीने केंद्राची व्यवस्थापिका म्हणून मला जवळजवळ नक्की केलंय. चोपन्नाव्या वर्षी पहिली नोकरी, हसू नकोस. आईची दृष्टी गेल्यापासून सोळा वर्षं मी औषधं आणण्यापुरतीच घराबाहेर पडले. आता दिवसा तिच्याजवळ शेजारीण बसेल. ही नोकरी मला हवी आहे रे, फार हवी आहे.

एकच सांगणं. हलवायला सोपी म्हणून तू बाकांना चाकं लावलीस, ते ठीक. पण म्हातारी माणसं प्रार्थनेला उठताना पुढच्या बाकाची पाठ धरून उठतात. ब्रेक बसवल्याशिवाय ती बाकं आत आणू नकोस.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.
तुझी ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून बायकोला म्हटलं, ताई इंजिनिअर झाली! अगं, ब्रेक मागवलेत, येतील. त्यांच्यासाठी उद्घाटन पुढे ढकललं तर चारचौघांत माझी शोभा होईल. हे काम बघून आणखी तीन चर्चं मला मिळणार आहेत. एक दिवस म्हाताऱ्या जपून उठल्या तर काय बिघडतं?

नोकरीचं ऐकून आनंद झाला. आईला दुसऱ्या रांगेत बसव, फोटोत यायला हवी.

तुझ्या मायेतला,
भाऊ

दि. २६ मार्च

भाऊस,

आईच्या खुब्याचं हाड मोडलंय. ती आता चालणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. उद्घाटनाच्या प्रार्थनेला सगळे उठले तशी तिने पुढच्या बाकाची पाठ धरली आणि बाक सरकलं. माझा हात तिच्या कोपराखाली होता, तरी मला तिला सावरता आलं नाही. तू मात्र पाहुण्यांना गाडीपर्यंत पोचवून मग आलास.

ब्रेक होते का, असं समितीने मला लेखी विचारलंय. मी खरं तेच लिहिणार. तुझा मला संताप आलाय.

ताई

दि. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उद्घाटनाच्या दुसऱ्याच सकाळी मी सुतार पाठवला होता. आता प्रत्येक बाकाला ब्रेक आहेत, समिती स्वतः बघून गेली. ते आधी नव्हते म्हणणारी तू एकटी. तेव्हा ब्रेक होते, फक्त ते लावायचं तुझ्याकडून राहिलं, एवढंच लिही. माणूस चुकतो, कुणी फाशी देत नाही. नोकरी गेली तर तुझं काय अडणार आहे? माझ्या पदरात दोन मुलं आहेत.

आईला नमस्कार. राग धरू नये.
भाऊ

दि. ३ एप्रिल

भाऊस,

तुझं पत्र फाडून टाकलं. आईलाच विचारा, असं समितीला कळवलंय. आदल्या दिवशी मी तिला चाकं हाताने चाचपायला लावली होती. ब्रेक नाहीत हे तिला पक्कं ठाऊक आहे. ती आंधळी आहे, खोटारडी नाही.

ताई

दि. ९ एप्रिल

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नेहमीसारखं मी सांगतेय आणि ताई लिहितेय. अक्षर वेडंवाकडं असेल तर तो दोष तिचा. आज सारखी थांबते.

समितीची माणसं काल खाटेपाशी बसून गेली. ब्रेक होते, माझ्या लेकाने बजावलंही होतं, हिच्याकडून लावायचे राहिले, असं मी सांगितलं. ही दाराशी उभी होती. एक शब्द बोलली नाही, त्यामुळे त्यांनाही पटलं. तू तुझी तिन्ही कामं निर्धास्त घे. आता लिहिताना रडतेय, मला ऐकू येतंय. पण मी सांगते ते गाळायचं नाही, अशी ताकीद दिलीय.

तिच्या जागी ते दुसरी बाई नेमणार आहेत. बरंच झालं. मला शेजारणीच्या हवाली करून निघाली होती. आता कुठे जाते?

माया वाढव, बाळा.
तुझी आई